नळ चावतो हे कुणी सांगितलं नाही

आमच्या मुलींच्या वसतिगृहात गिझर बसला तेव्हा नाशिकरोडच्या त्या अख्ख्या गल्लीत कुणाकडे गिझर नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जरा फुशारकी मारली तर ती कशाची ते तुम्हाला कळेल.

मी तिथं स्वयंपाकाला होते. लागले पोळ्या करायला आणि मग हळूहळू किल्ल्या, धान्य, आजारी मुलींचा काढा, सगळंच माझ्याकडे आलं. आठवी ते दहावीच्या चोवीस मुली. कुणी पेठकडची, कुणी लासलगावच्या बाजूची. बहुतेकींच्या घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. माझी स्वतःची शाळा दुसरीत सुटलेली. पुढचं वाचायला मी याच मुलींच्या पुस्तकांतून शिकले, भाजी निवडता निवडता. मुली मला मावशी म्हणायच्या. संस्थेचे सचिव निवृत्त मास्तर होते, त्यांना सगळे सर म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे.

तर बंब. हल्लीच्या मुलांना बंब म्हटलं की आग विझवायची गाडी आठवते. आमचा बंब आग पेटवायचा होता. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तांब्याचा हा एवढा, माझ्या छातीपर्यंत येणारा. मधल्या नळकांड्यात लाकडी कोळसा टाकून पेटवायचं, मग वर दगडी कोळसा, आणि वरून धुराडं. पाणी तापलं की एक बादली गार वरच्या नरसाळ्यात ओतायची, तेव्हा कुठे खालच्या तोटीतून एक बादली गरम मिळायची. न ओतता घ्यायला गेलं तर नुसती वाफ. त्यामुळे भांडणं व्हायची, पण फुकटचं गरम पाणी कुणाला मिळायचं नाही हेही खरं.

नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेल. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवून ठेवतात, अशी. मुलींना सातच्या शाळेला जायचं, म्हणून बंब चारला पेटायला हवा. पाळ्या लावलेल्या होत्या, पण दगडी कोळसा सगळ्यांना पेटायचा नाही. पेठकडच्या एका मुलीचा हात त्यात बसला होता, म्हणून जिची तिची पाळी शेवटी तिच्यावरच जायची. ती दहावीत होती. पहाटेचा अभ्यासाचा वेळ शेडमध्ये फुंकणी फुंकण्यात जायचा. नाकपुड्या काळ्या, पांढऱ्या रिबिनी काळ्या. आमच्या मुली वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "इंजिन आलं." स्टेशनजवळची शाळा, त्यांना दुसरं काय सुचणार. संध्याकाळच्या वंदनेला सगळ्या डोळे मिटून बसल्या की या पेठच्या मुलीचा खोकला सुरू व्हायचा. एकदा तिचा हात भाजला, तळव्याला फोड आला. मी कोरफड लावली आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलली. तेवढंच.

त्या वर्षी संस्थेच्या एका हितचिंतकांनी त्यांचं लॉज बंद केलं आणि तिथले दोन मोठे गिझर आम्हाला देतो म्हणाले. सरांच्या मनात नव्हतं.

"बाई, पाणी आणि वीज एकत्र. लोकांनी विश्वासानं लेकी सोडल्यात आपल्याकडे."

"सर, धुरात सोडल्यात ते चालतं का?"

सर उठून शेडपर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "दहावीची परीक्षा होईपर्यंत लावून बघू. पण एका जरी मुलीला शॉक बसला, तर त्याच दिवशी गिझर बंद आणि बंब जागेवर. जबाबदारी तुमची."

मी हो म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला फ्यूज बदलता येतो का?" येत नव्हता. आठ दिवसांत शिकले.

दिवाळीच्या सुट्टीत वायरमन आला. आमच्याच वसाहतीतला, बोलका माणूस. गिझर भिंतीला चढवले, आणि मग मला म्हणाला, "ताई, लाकडी कोळसा आहे का? आणि मीठ, जाडं."

"काय भाजून खायचंय का, दादा?"

"तुम्हाला नाही, जमिनीला." न्हाणीघराच्या मागे त्यानं माझ्या कमरेएवढा खड्डा खणला. तळाशी लोखंडाची प्लेट, तिला जाड तार, वर एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा. बंब पेटवायला आणलेला सगळा कोळसा त्यात गेला. मधोमध एक पाइप उभा ठेवला. "गिझरची वीज चुकून पत्र्यावर, पाण्यात आली, तर ती माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी या तारेनं जमिनीत जाते. याला अर्थिंग म्हणतात. पण जमीन ओली असली तरच ती वीज घेते. रोज एक बादली या पाइपात ओतायची. विसरायचं नाही."

मी विसरले नाही. त्याहून वाईट केलं, ते सांगते.

ते पहिले दोन महिने मला अजून आठवतात. साडेचारला येऊन मी बटण दाबायची आणि कणीक भिजवायला बसायची. चोवीस मुली न्हाऊन, वेण्या घालून, पांढऱ्या रिबिनी बांधून वेळेत तयार. पेठची मुलगी दिव्याखाली भूमिती करत बसलेली असायची. शाळेत तिच्या बाईंनी तिला विचारलं, बरं नाही का गं, आज खोकला ऐकू आला नाही. मला कुणी हार घातला असता तरी एवढं बरं वाटलं नसतं.

मग संक्रांत झाली आणि नगरपालिकेचं पाणी कमी झालं. चोवीस जणींचं पाणी पुरवायचं, आणि मी रोज एक भरलेली बादली खड्ड्यात ओततेय. मला ते पटेना. जमिनीला कसली तहान, असं मनाशी म्हणून मी ती बादली भांड्यांना वापरायला लागले. कुणाला सांगितलंही नाही.

पुढे तीनेक आठवड्यांनी न्हाणीघराच्या घासलेल्या फरशीवर मला चपलांचे ठसे दिसायला लागले. आमच्याकडे चपला दाराबाहेर, हा नियम होता. मी रागावले.

"चपला घालून अंघोळ? हे कुठलं नवीन?"

"फरशी गार लागते, मावशी."

म्हणणारी मुलगी पेठच्या डोंगरात अनवाणी वाढलेली. तिला फरशी गार लागते? दुसऱ्या दिवशी बघते तर गरम पाण्याच्या नळाला एक कोरडं फडकं गुंडाळलेलं. मी ते काढलं, माझ्या चपला काढल्या आणि नळाला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

आधी मेन स्विच बंद केला. मग सगळ्यांना ओळीत उभं केलं. "किती दिवस?"

मग सगळ्यात लहान होती ती म्हणाली, "नळ चावतो, मावशी. पण थोडासाच चावतो."

"आठ-दहा दिवस झाले," पेठची मुलगी म्हणाली. "मीच सांगितलं होतं कुणी बोलायचं नाही म्हणून. सांगितलं की सर बंब आणणार."

माझा हात उठला होता, तो मी खाली घेतला. थोडासाच चावतो म्हणे. ज्या दिवशी जास्त चावला असता त्या दिवशी मी कुणाच्या आईला काय तोंड दाखवलं असतं? पेठची मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, वायरमनकाकांना गुपचूप बोलवा ना. सरांना कशाला? परीक्षेला महिना राहिलाय."

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं होतं. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा लाज वाटली. तिनं लपवलं ते ती पंधरा वर्षांची होती म्हणून. मी किती वर्षांची होते?

पदर खोचला आणि सरांच्या घरी गेले. वाटेत त्या बादलीची आठवण झाली. सर अंगणात पेपर वाचत होते.

"सर, शॉक बसलाय. मुलींना आणि मलाही. खड्ड्यात पाणी ओतायचं मी बंद केलं होतं. चूक माझी आहे."

सरांनी पेपरची नीट घडी घातली. "मग आपलं काय ठरलं होतं?"

"बंब."

"चला," म्हणाले, आणि मफलर गुंडाळून माझ्याबरोबर निघाले.

वायरमनला निरोप गेला होता. त्यानं एक गिझर उघडला, आतली कॉइल काढली आणि दाखवली, तिला चीर गेली होती. "ही कधी ना कधी जाणारच, जुना माल आहे. पण खड्डा ओला असता तर ही वीज खाली गेली असती, फ्यूज उडाला असता. मुलींच्या हाताला लागली नसती." मग त्यानं एक मोठा बल्ब घेतला, एक वायर विजेला जोडली, दुसरी अर्थिंगच्या तारेला. "बघा, सर. जमीन किती वीज घेते ते हा बल्ब सांगतो." बल्ब पेटला, पण निखारा विझत आल्यावर असतो तेवढाच. लालसर.

"ओता पाणी. खड्ड्यापासून लांब उभं राहून, पाइपात," तो मुलींना म्हणाला.

मुलींनी हौदापासून रांग लावली आणि बादल्या हातोहात येऊ लागल्या. पहिली बादली पाइपात गडप झाली, दुसरीही. तिसरीला बल्ब पिवळा झाला. पाचवी-सहावीला असा लख्ख झाला की सरांनी डोळ्यांवर हात धरला. मुली टाळ्या वाजवायला लागल्या, आणि मग सरांकडे बघून गप्प झाल्या.

सरांनी शेडकडे पाहिलं. तिथं बंब गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. "बाईंनी कबूल केलं होतं," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

"सर, एक विचारू?" पेठची मुलगी पुढे आली. तिनं तळहात उघडून दाखवला, फोडाचा डाग अजून होता. "बंबानं माझा हात भाजला, तेव्हा कुणी म्हटलं नाही की एका मुलीला भाजलं, आता बंब बंद."

मला वाटलं आता सर ओरडणार. त्यांच्यापुढे असं कुणी बोलत नसे. ते तिच्या हाताकडे बघत राहिले. मग वायरमनला म्हणाले, "नवी कॉइल बसवा. दोन्हीत." बसवून होईपर्यंत ते तिथंच स्टुलावर बसून राहिले. स्विच लावल्यावर त्यांनी आधी टेस्टर लावून घेतला, मग चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि नळ घट्ट धरला.

"काही नाही," सर म्हणाले. नळ सोडला नाही. "ऐका. मी अट घातली म्हणून तुम्ही लपवलंत. अट चुकीची होती. यापुढे जिला झिणझिण्या येतील तिनं त्याच मिनिटाला मावशींना सांगायचं. सांगितलं म्हणून बंब परत येणार नाही. लपवलं तर मात्र माझ्याशी गाठ आहे." मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही गुपचूप दुरुस्त करून घेतलं असतं आणि मला नंतर कळलं असतं, तर मी त्याच दिवशी बंब पेटवला असता."

त्या दिवसापासून मी बंबाचाच नियम खड्ड्याला लावला. दोन मुलींची पाळी, आधी खड्ड्यात बादली ओतायची, मगच मी बटण दाबणार. परीक्षेच्या आठवड्यात तर त्या पाळीसाठी भांडल्या. पेठची मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. पुढे नर्सिंगला गेली.

पुढच्या दिवाळीत संस्थेच्या मुलांच्या वसतिगृहातही गिझर बसले. तिथल्या आचाऱ्याला शिकवायला सरांनी वायरमनला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला कशाला, ताईंना न्या." म्हणून वायर जोडायला तो आणि बोलायला मी, असे आम्ही गेलो. खड्ड्याच्या तारेला बल्ब लावला, तीस-चाळीस पोरं गोल करून उभी. मी त्यांना कोळसा सांगितला, मीठ सांगितलं, वीज कुठून येते आणि तिला कुठं जाऊ द्यायचं ते सांगितलं. मागून एकजण म्हणाला, "तुम्ही सायन्सच्या टीचर आहात का?"

"नाही रे," मी म्हटलं, "मी पोळ्या करते. तू ती बादली उचल."