मूळ फाइलवरच सेव्ह केलं

अंबुजाआत्यांचा आवाज मी नासवला — गेल्या वर्षी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मट्टुपोंगलच्या दुपारी, इथे तमिळ मुलखात राजवाड्यामागच्या आमच्या मराठी घरात. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. उलट पत्रक काढून दुसऱ्यावर ढकललं.

ते पत्रक तुम्ही वाचलंय. घरच्या स्टुडिओसाठी परवडणारं सॉफ्टवेअर कोणतं? मी ठणकावून लिहिलं — स्वस्तातलं घेऊ नका, आमच्या आत्यांचं बोलणं त्यानं गिळलं!

खोटं. त्यानं काहीही गिळलं नाही.

मी दोन वापरून पाहिली होती. फुकटचं होतं ते मूळ रेकॉर्डिंगला हात लावत नसे. कितीही कापा, खाली सगळं जसंच्या तसं. स्वस्तातलं मात्र सेव्ह केलं की मूळ फाइलवरच लिहायचं. मला ते माहीत होतं. म्हणूनच ते निवडलं — कळतंय ना?

त्या दुपारी आत्या बोलत होत्या. लग्न होऊन तिरुवैयारुहून आल्या ते दिवस, वासलातलं, म्हणजे दारापुढचं, रांगोळीचं कोलम, सासूचं रसम. मध्येच माइककडे बोट — "हे तरी ऐकतं का डी, का तुझ्यासारखं नुसतं बोलतंच?" दोघी हसलो. त्या घरी गेल्यावर मी 'वासल' कापलं. 'गं'च्या जागी येणारं 'डी' कापलं. एकेक तमिळ शब्द वेचून कापला, वाक्याच्या शेवटी चढणारा सूरसुद्धा. का? पुण्याच्या एका सभेत माझं बोलणं ऐकून कुणीतरी म्हणालं होतं, "ही मराठी आहे होय?" आणि मी — भाषेसाठी घसा फोडणारी मी — लाजले. मूळ उरायलाच नको होतं. पडद्यावर प्रश्न आला, मूळ फाइल बदलायची? मी 'हो' दाबलं.

आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, आत्यांना झटका आला. वाचा गेली.

त्यांची लेक मालती ती फाइल ऐकून म्हणाली, "ही अम्मा नाही. अम्मा अशी तुटक बोलत नाही. लॅपटॉप दे, तिरुचीत एक जण पुसलेलं परत काढतो." मी म्हटलं, सॉफ्टवेअरनं गिळलं आणि डिस्कही जळली. मग ते पत्रक काढलं, तिचा विश्वास बसावा म्हणून.

डिस्क जळलेली नाही. लॅपटॉप माझ्या कपाटात आहे. रोज काढते, काम करते — नवं लिहिलं की जुनं आणखी पुसलं जातं, हे ठाऊक असून. हे तेवढं कागदावर लिहितेय.

आत्यांना ऐकू येतं. मालती फाइल लावते तेव्हा त्या तिच्याकडे बघत नाहीत — माझ्याकडे बघतात. त्या नजरेची मला भीती वाटते. फाइल परत मिळेल याची त्याहून जास्त.

सॉफ्टवेअरचं पत्रक मी तमिळमध्येही छापलं होतं. हे नाही. मालती मराठी बोलते, देवनागरी तिला वाचता येत नाही. म्हणून तर एवढं लिहायला धजले — याला धजणं म्हणायचं?

तुम्हाला वाचता येतं. आजच तिच्याकडे जा आणि हे मोठ्यानं वाचून दाखवा. आत्यांच्या समोर. एकही शब्द गाळू नका.