सूर्यावरचा एक डाग

दुधाला उकळी फुटली की मला कॉलेजच्या गच्चीवरची वर्गमैत्रीण आठवते. मेंढ्या राखणाऱ्या घरातली ती म्हणायची, "सूर्य बी असाच खदखदतो. त्याचं चुंबकत्व उकळी दाबतं, तिथं डाग पडतो." दुर्बिणीतून कागदावर उतरलेल्या सूर्यावरचे डाग आम्ही दोघं सरांच्या प्रकल्पासाठी रोज स्वतंत्रपणे रेखाटायचो. एकदा मी खुलताबादला भटकायला गेलो आणि चित्र अंदाजानं भरलं. तिच्या चित्रात कडेला नवा डाग होता, माझ्या चित्रात नव्हता. सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "तिला भास झाला असेल." "व्हय का? उद्या बघू की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, डाग पडताळता आला नाही, आणि सरांनी तिला प्रकल्पातून वगळलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. सूर्याच्या फिरण्याबरोबर डाग कडेपासून आत सरकलेला, म्हणजे तिनं पाहिलेलाच होता. मी तो रेखाटला, सरांनी माझी पाठ थोपटली. तिला खरं सांगायला मी आजवर गेलेलो नाही.