मन टेबलावर बसत नाही

मला एडीएचडी आहे हे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. नातीला तपासून घ्या असं शाळेतून सांगितलं होतं. सून तिला अमरावतीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि सोबत म्हणून मीही गेलो. वस्तू हरवतात का, हातातलं काम अर्ध्यावर सुटतं का, समोरचा बोलत असताना मन भलतीकडे जातं का, असं त्या नातीबद्दल विचारत होत्या. मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो होतो आणि मनातल्या मनात प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होतो. पुढच्या आठवड्यात मी एकटाच गेलो. तुमचं लहानपण पाहिलेलं कोणी हयात आहे का, असं त्यांनी विचारलं. मोठी बहीण होती. तिला फोन लावून दिला आणि ती अर्धा तास बोलली. तिसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी कागदावर निदान लिहून दिलं. लक्ष एका जागी न टिकणं हा माझ्या स्वभावाचा दोष नाही, मेंदूची घडणच जन्मापासून तशी आहे, असं त्यांनी समजावलं. रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली.

त्यांना वाटलं असावं की मला बरं वाटेल. मला संताप आला. पन्नास आणि साठच्या दशकात मी जे भोगलं, आणि माझ्यामुळे दुसऱ्यांनी जे भोगलं, त्याला असं तीन ओळींत मावणारं नाव असेल तर ते इतक्या उशिरा कशाला कळवायचं?

आमचं गाव भातकुलीजवळ. बाबा एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारे गडी. माय लवकर गेली. घरात बाबा, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी बहीण. तिला मी बाईच म्हणतो. माय गेल्यावर घर कोणी सांभाळायचं हा प्रश्न आला तेव्हा बाई चौथीत होती. दोघांपैकी एकच शिकेल, असं बाबांनी ठरवलं आणि शिकायचं मला ठेवलं. बाईचा वर्गात पहिला नंबर होता. माझ्याबद्दल मास्तरांचं म्हणणं असं की डोकं आहे, ध्यान नाही. ध्यान यावं म्हणून ते मला वर्गाबाहेर उन्हात उभं करत. तिथे मी मुंगळ्यांची रांग बघत बसे आणि शिक्षा संपल्याचंही मला कळत नसे.

ध्यान आणायचा उपाय बाईला सापडला होता. ती डाळ निवडायला बसायची आणि मला शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावायची. माझा आवाज थांबला की मान वर न करता विचारायची, "कुठी गेला?" मी परत पुस्तकात यायचो. एवढंच. पण ती शेजारी असली की मला येत होतं, आणि नसली की येत नव्हतं. का, ते तेव्हा तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. निबंध, सनावळ्या, कविता, सगळं ऐकून ऐकून तिचं पाठ व्हायचं. माझं अर्धंमुर्धं.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो. बाबांनी घरातले जुने देव नदीत सोडले आणि मला सांगितलं की आता शिक्षणच. त्याच्या पुढच्या वर्षी बाईचं लग्न होऊन ती तिवशाला गेली आणि मी अमरावतीच्या वसतिगृहात आलो. पहिल्या खेपेला मॅट्रिक नापास झालो. गणिताच्या पेपरात दोन प्रश्न मागच्या पानावर होते. मी पान उलटलंच नाही. बाबा घ्यायला आले. वसतिगृहातून माझी पेटी डोक्यावर घेऊन ते पुढे चालत राहिले आणि मी मागे. मग मी दोन महिने तिवशाला बाईच्या घरी राहिलो. तिचा नवरा अमरावती–नागपूर रस्त्याच्या गँगमध्ये कामाला होता, अक्षरशत्रू, पण मेव्हणा शिकतो याचा त्याला फार अभिमान. बाई चूल पेटवी, भाकरी थापी, आणि मी चुलीजवळ बसून मोठ्याने वाची. दुसऱ्या खेपेला पास झालो.

साठ साली अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमच्या गावातून खुर्चीवर बसलेला पहिला माणूस मी. बाबा एकदा मुद्दाम बघायला आले. दारातून बघितलं, आत आले नाहीत.

कचेरीत हेडक्लार्कला बडेबाबू म्हणत. आमचे बडेबाबू सभ्य गृहस्थ होते. कधी आवाज चढवला नाही, कधी पाण्याच्या माठावरून काही ऐकवलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर वयाने मोठे एक बाबू होते, चांगल्या घरातले. ते छत्री विसरत, जेवणाचा डबा विसरत, एकदा तर कलेक्टरकडे जायचं पत्र खिशात घेऊन घरी गेले. सगळी कचेरी हसायची. तंद्रीतला माणूस आहे, लिहिणारा आहे, असं कौतुकाने म्हणायची. मी काही विसरलो की कोणी हसत नसे. खोलीत शांतता व्हायची, आणि त्या शांततेत मला बरोबर ऐकू यायचं की आज मी एकट्याने चूक केलेली नाही, माझ्या अख्ख्या वस्तीने केली आहे.

तिसऱ्या वर्षी ती फाईल आली. अकोल्याजवळच्या एका खेड्यात सरकारी पडीक जमीन भूमिहीनांना पट्ट्याने द्यायची होती. अर्ज करणाऱ्यांत आमच्यातलाच एक माणूस होता, चाळिशीचा, दुसऱ्याच्या वावरात राबणारा. त्याचा अर्ज माझ्याकडे होता. तो दर मंगळवारी यायचा, माझ्या टेबलाशी उभा राहायचा, आणि मी बसा म्हटलं तरी बसायचा नाही. शुक्रवारी पेशीची, म्हणजे निकालाला ठेवायच्या प्रकरणांची, यादी साहेबांकडे जायची होती. त्या दिवशी दुपारी मी त्याची फाईल हातात घेऊन उठलो. वाटेत कपाटाशी कोणीतरी जुनी नस्ती मागितली. ती काढताना आतून इंग्रजांच्या जमीन-बंदोबस्ताच्या, म्हणजे मोजणी आणि सारा ठरवण्याच्या काळाचा एक नकाशा निघाला, कापडावर चिकटवलेला, नाले निळ्या शाईने आणि गावांच्या शिवा तांबड्या शाईने काढलेल्या. मी तो पाहत उभा राहिलो. आमचं गाव शोधलं, मग त्यातला नाला कुठून येतो ते शोधलं. मान वर केली तेव्हा कचेरी सुटत होती. मी घरी गेलो. सोमवारी माझी पक्की समजूत होती की फाईल मी साहेबांकडे दिली आहे. मंगळवारी तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं, काम झालं, आता काळजी करू नका. त्याने माझे हात हातात घेतले.

यादीत त्याचं नाव नव्हतं. जमीन तिघांना वाटली गेली आणि संपली. फाईल कुठे गेली याचा कोणालाच पत्ता लागेना. दिवाळीआधी चुना मारायला कपाट सरकवलं तेव्हा ती मागे सापडली. म्हाताऱ्या चपराशाने ती गुपचूप माझ्या हातात आणून दिली आणि म्हणाला की पाहून घ्या बाबू. लपवता आली असती. पण लपवून कुठे ठेवली तेही मीच विसरलो असतो. मी ती बडेबाबूंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा दोष नाही हो. तुमच्या लोकांचं मन टेबलावर बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय नाही ना."

त्यांनी मला मेमो दिला आणि वर शिफारसही केली की नोकरी जाऊ नये. त्यांच्यावर धड रागावण्याचीही सोय त्यांनी ठेवली नाही. पुढची कित्येक वर्षं मला भीती वाटत राहिली की ते म्हणतात ते खरं असेल.

रविवारी मी एसटीने त्या माणसाच्या गावी गेलो. तो अंगणात खाटेची सुतळी ओढत होता. बायकोला त्याने पाणी आणायला सांगितलं. मी उभ्यानेच सांगितलं की फाईल माझ्या हातून पडून राहिली, दुसऱ्या कोणाचा दोष नाही. त्याने हातातल्या सुतळीला गाठ मारली.

"तू आपला मानूस होता," तो म्हणाला, "म्हून म्या दुसऱ्या कोनाले इचारलंच नाई."

शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. त्याने पाणी प्यायचा आग्रह केला आणि मी प्यालो.

त्यानंतर मी अकोल्यातल्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. सांगितलेलं डोक्यातून निघून जातं, एखाद्या गोष्टीत शिरलो की बाहेर येता येत नाही, यावर औषध आहे का, असं विचारलं. दारू पितो का, गांजा ओढतो का, लग्न झालं का, असं त्यांनी विचारलं. तिन्हींना नाही म्हटलं. मग ज्ञानतंतूंची अशक्तता आहे म्हणाले आणि एक तांबडं टॉनिक दिलं, दिवसातून तीनदा. ती बाटली मला आठ महिने पुरली, कारण मी ते घ्यायला विसरत होतो.

चौसष्टच्या उन्हाळ्यात बाईचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सासरी तिला कोणी जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. ती अकोल्याला माझ्या खोलीवर आली. आठ दिवसांत माझी अवस्था तिच्या ध्यानात आली. तिने बाजारातून दगडी पाटी आणून दाराच्या खिळ्याला टांगली. कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला बांधली. रोज कचेरीतून आलो की चहाच्या आधी तिला सांगायचं की आज कोणाचा कागद आला आणि मी तो कुठे ठेवला. ते ती चौथीच्या अक्षरात पाटीवर लिही. सकाळी जाताना ती पाटी मला मोठ्याने वाचायला लागे. नियमात बसत नसताना मी थकलेली कामं पिशवीतून घरी आणू लागलो. ती तांदूळ निवडत शेजारी बसायची आणि माझी लेखणी थांबली की विचारायची, कुठी गेला. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा सरकारी बाबू होतो.

माझं काम सुधारलं. बडेबाबूंना वाटलं त्यांच्या मेमोने सुधारलं, आणि तसं ते इतरांना सांगतही. खरं म्हणजे अर्धी नोकरी बाई करत होती. अर्जदारांची नावं, गावं, तारखा, सगळं तिच्या डोक्यात असे. एकदा तिने सहज विचारलं, "माह्या डोक्यात बसते ते तुह्या डोक्यात कावून बसत नाई?" तिच्या विचारण्यात कुचकेपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. 

चार वर्षं असं चाललं. मग एक दिवस एक पत्र टाकलं का म्हणून तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिच्यावर ओरडलो. मी लहान लेकरू आहे काय, असं काहीतरी बोललो. ती उठली, पाटी खिळ्यावरून काढली, पदराने पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"चवथीत माहा पयला नंबर होता," ती म्हणाली. "तुले याद हाये का?"

याद होतं. तेवढं मी कधी विसरलो नव्हतो.

दुसऱ्या महिन्यात ती अमरावतीला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. तिथल्या मुलींची पुस्तकं वाचून बाहेरून सातवीच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. मी पेढे घेऊन गेलो. तिने घेतले, मुलींना वाटले. मागचं कोणीच काढलं नाही. मात्र पुन्हा माझ्याकडे राहायला ती आली नाही.

ती गेल्यावर मी स्वतःहून आवक-जावकच्या खिडकीवर बदली मागितली. कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, पुढे ढकलायचा. एक कागद एका मिनिटाचा. काही मनात धरून ठेवायचं नाही, समोर सतत माणूस उभा. बडेबाबू म्हणाले की तिथे शिक्षा म्हणून पाठवतात, तिथे माणूस सडतो. मी म्हटलं, मला चालेल. तिथे माझ्या हातून काही हरवलं नाही. माझ्यामागून लागलेली मुलं माझी साहेब झाली आणि मी खिडकीतच राहिलो. तो माणूसही कधीमधी तिथे यायचा, रेशनकार्डासाठी, पोराच्या दाखल्यासाठी. त्याला वाचता येत नव्हतं, पण मी नंबर लिहीपर्यंत तो कागदावरचा हात काढत नसे.

एकोणसत्तरला माझं लग्न ठरलं. बाईने मुलीच्या वडिलांना आधीच सांगून टाकलं की पोरगा दारू पीत नाही, पण विसरतो. सगळे हसले. बायको समजूतदार होती. तिने बाईसारखी पाटी टांगली नाही आणि मीही ते मागितलं नाही. एका बाईचं आयुष्य त्यात घातलं होतं, दुसरीचं घालायची लाज वाटली. ती बोलायची, मी समोर बसलेला असायचो आणि तिचं अर्धं बोलणं माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. सुरुवातीला ती दोनदा सांगायची. मग एकदाच सांगू लागली. मग महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मुलाजवळ सांगायची.

गोळी सुरू होऊन आता तीन वर्षं झाली. फायदा होतो. कोणी बोलत असलं की शेवटपर्यंत ऐकू येतं. बायको गोळी सुरू व्हायच्या सहा वर्षं आधी गेली. मी तिचं मुद्दाम ऐकत नाही, अशी तिची शेवटपर्यंत समजूत होती.