मागच्या सीटचा विमा

भाऊनं मोटरसायकल घेतली त्या वर्षी मी भंडाऱ्याला कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि गल्लीतही पहिलाच. गल्ली विणकरांची. घरोघर खड्ड्याचे माग होते. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकायचा. बाबा विणायचे. भाऊ, म्हणजे माझा मोठा भाऊ, तयार लुगडी आणि धोतरं गठ्ठ्यात बांधून बाजारोबाजारी विकायचा. मागावर बसणं त्याला लहानपणापासून नकोसं होतं. खड्ड्यात पाय सोडले की जमिनीत पुरल्यासारखं वाटते, असं तो म्हणे.

गाडी जुनी होती, साकोलीच्या एका धानाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. एसटीच्या भरवशावर सानगडीच्या बाजाराला निघालं की भाऊ पोहोचेपर्यंत बायांची खरेदी अर्धी उरकलेली असे. गाडीवर मागच्या सीटला गठ्ठा आवळून तो सकाळीच बाजार गाठू लागला. एकोडीकडचा बाजारही त्याला जमू लागला.

गाडीसोबत आलेल्या विम्याची मुदत संपत आली होती आणि नवा विमा भाऊच्या नावानं काढायचा होता. हे काम माझ्याकडे आलं. गल्लीतला कोणताही इंग्रजी कागद तसा माझ्याकडेच यायचा. दवाखान्याची चिठ्ठी असो, कोर्टाची नोटीस असो, मी सुटीत घरी आलो की लोक तो घेऊन ओट्यावर बसत. मला त्यातलं निम्मं समजायचं. उरलेलं मी अंदाजानं सांगायचो. समजत नाही असं म्हणायची मला लाज वाटे, कारण भंडाऱ्यातल्या माझ्या खोलीचं भाडं बाबांच्या मागावरून येत होतं.

भंडाऱ्यात मी दोन एजंटांकडे गेलो. एकाचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, दुसरा कचेरीजवळ टेबल टाकून बसायचा. दोघे वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, म्हणून मला वाटलं की भावही वेगळे असतील. पहिल्याकडचे आकडे वहीत उतरवून दुसऱ्याकडे गेलो आणि त्याला थोडं कमी करता येईल का असं भीतभीत विचारलं.

तो हसला. म्हणाला, "बाबू, हे काय भाजीचं दुकान आहे का? कंपन्या सगळ्या सरकारी झाल्या. तू नागपूरले जा, नाई तं मुंबईले जा, दर एकच. फरक कंपनीत नाई, विम्यात आहे. तुले कोणता पायजे ते बोल."

मग त्यानं समजावून सांगितलं. पहिला विमा कायद्यानं सक्तीचा. आपल्या गाडीनं रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर त्याची भरपाई कंपनी देते. आपली गाडी मोडली, चोरीला गेली, जळाली, तर काही नाही. दुसरा पूर्ण विमा. त्यात आपल्या गाडीचं नुकसानही आलं, पण हप्ता कितीतरी जास्त. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या हप्त्यात सूट. आणि एक वेगळी ओळ होती. मागे बसणाऱ्या माणसासाठी थोडा जादा हप्ता. तो भरला नाही तर मागे बसणारा विम्यात नाही.

"मागचा माणूस रस्त्यावरचा दुसरा माणूस नाही का?" मी विचारलं.

"नाई. तो तुमच्या गाडीवर आहे. दुसरा म्हणजे गाडीच्या बाहेरचा."

हे मी वहीत लिहून घेतलं. ती पानं माझ्याकडे बरीच वर्षं होती. पानाच्या मधोमध उभी रेघ, एका बाजूला सक्तीचा विमा, दुसऱ्या बाजूला पूर्ण. कॉलेजात नुकतेच ताळेबंद शिकवले होते, त्यामुळे रेघ पट्टीनं मारली होती.

शनिवारी घरी ती वही बाबांपुढे ठेवली. हप्ते मी त्यांना कामाच्या हिशेबानं सांगितले, कारण रुपयांपेक्षा ते त्यांना लवकर कळायचं. सक्तीच्या विम्याला एक साधं लुगडं विणण्याची मेहनत लागणार होती. पूर्ण विम्याला तशी चार लुगडी. बाबा मागावरून न उठताच ऐकत होते.

"गाडी जुनीच आहे," ते म्हणाले. "मोडली तं हा दुरुस्त करते. चोरून कोण नेते हे भंगार?"

"भंगार म्हणू नका," भाऊ म्हणाला. "तिच्यावरच तुमचे लुगडे जातेत."

"मंग तिलेच बाबा म्हण."

माय चुलीजवळून हसली. सक्तीचाच विमा काढायचा असं ठरलं. मी तिसरी ओळ वाचली. मागं कोणी बसणार असेल तर थोडे जादा भरावे लागतील.

"मागं गठ्ठा राहते," बाबा म्हणाले. "गठ्ठ्याचा कायले विमा?"

भाऊनंही मान हलवली. गठ्ठा एवढा मोठा असे की त्याच्यावर मांजरही बसलं नसतं. मला क्षणभर वाटलं की येताना गठ्ठा नसतो. पण ती शंका मी बोललो नाही. बाबांनी ठरवलं होतं, ते बरोबरही वाटत होतं, आणि माझ्यामुळे पैसे वाचले याचा मला आनंदही झाला होता. सोमवारी भंडाऱ्याला जाऊन अर्ज भरला. मागे बसणाऱ्याच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

आमच्याकडे एक रीत होती, इतकी रोजची की तिला कोणी रीत म्हणत नसे. बाजाराहून परतताना ज्याच्या बैलबंडीत किंवा सायकलवर जागा असेल, त्यानं रस्त्यानं चालणाऱ्या ओळखीच्या माणसाला बसवून घ्यायचं. न बसवता पुढे निघून जाणाऱ्याची गोष्ट घरोघर व्हायची. भाऊ जाताना गठ्ठा नेई आणि येताना माणूस आणी. माय स्वतः दोनदा त्या सीटवर बसून मामाकडून आली होती. तरी विम्याच्या दिवशी आम्हा चौघांपैकी कोणालाही ती सीट माणसाची वाटली नाही. जाताना जे लादतो तेवढंच आम्ही धरलं.

शेजारी एक काका राहत. नात्यानं कोणी नव्हते, पण बाबांना माग त्यांनी शिकवला होता. गल्लीत कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे ते एकटेच उरले होते. मुलगा नव्हता, मुलगी एकोडीकडे दिलेली. घरात ते आणि काकू. त्यांचा माग चालला तर चूल चालायची. त्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत ते मुलीला भेटून रस्त्यानं एसटीच्या थांब्याकडे चालत होते. भाऊ बाजार आटोपून येत होता. त्यानं गाडी थांबवली आणि हात धरून त्यांना मागे बसवलं.

पुढे तलावाच्या पाळीजवळ रस्ता वळतो. तिथं कोणीतरी डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. आमच्याकडे घालतातच. ऊन खाली उतरलेलं, दाणे रस्त्याच्याच रंगाचे दिसत होते. वळणावर चाक दाण्यांवर गेलं आणि गाडी आडवी झाली. भाऊच्या हातांची सालटी गेली. काकांच्या डाव्या पायावर गाडी पडली.

नागपूरला प्लास्टर झालं. बाबांनी आणि गल्लीनं मिळून दवाखान्याचं पाहिलं. प्लास्टर निघालं तेव्हा कळलं की गुडघा आता वाकणार नाही. काका काठी घेऊन चालू शकत होते, पण खड्ड्यात पाय सोडून पावडी दाबायला गुडघा वाकावा लागतो. त्यांचा माग बंद झाला. शेजारच्या भिंतीतून येणारा त्याचा ठोका थांबला.

मी कागद घेऊन त्या कचेरीजवळच्या एजंटाकडे गेलो. भाऊ सोबत होता. एजंटानं अर्ज पाहिला. माझ्या 'नाही'वर बोट ठेवून त्यानं विचारलं,

"पोलिसात रिपोर्ट झाली का?"

"नाही. आपलेच पडले ना," मी म्हणालो.

"मंग पाहा," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मी सांगतलं असं नाई. तो बुढा गाडीवर नव्हता, रस्त्यानं चालून राहिला होता, अन् तुमच्या गाडीनं त्याले धडक मारली, असं असतं तं तो बाहेरचा माणूस झाला असता. मंग दावा होते. केस ह्याच्यावर होईन, पैसे कंपनी देईन."

परत येताना भाऊ एसटीत एवढंच म्हणाला, "होऊ दे माह्यावर केस. तू लिहून दे."

त्या संध्याकाळी आम्ही तिघे काकांकडे गेलो. ते बंद मागाजवळ पाय लांब करून बसले होते. बाबांना सांगायला जमेना, म्हणून मीच सांगितलं. विमा कसा आहे, मागची सीट त्यात का नाही, आणि आता काय म्हटलं तर पैसे मिळतील. रकान्यात 'नाही' मी लिहिलं, हेही सांगितलं. ते सांगायचं ठरवून गेलो होतो, तरी तोंडातून निघायला वेळ लागला.

काका म्हणाले, "म्हणजे मी कोर्टात उभं राहून म्हणायचं का, ह्या पोट्ट्यानं मले उडवलं?"

"म्हणा काका," भाऊ म्हणाला. "मले चालते."

"तुले चालन. तू मले हात धरून बसवलं ना. पाह्यलं अन् थांबला. मी काय म्हणू, तू पाह्यलं नाही अन् धडक मारली?"

काकू दारात उभ्या होत्या. "पाय गेला तुमचा," त्या म्हणाल्या. "तोंड तं सरळ आहे. बोलाले काय जाते? उद्या मी काय शिजवू, तुमचा खरेपणा?"

काकू बोलल्या त्यात काहीच चुकीचं नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू शिकला. तू सांग. कागदात काय लिहावं लागन?"

मी पुस्तकातून उत्तरं देत आलो होतो. इथं दोन्ही उत्तरांनी कोणाचं तरी वाईट होणार होतं, आणि एक उत्तर माझी चूक झाकणारं होतं. मी म्हणालो, "खोटं लिहावं लागन, काका. पण तुमी म्हटलं तं मी लिहितो."

"मंग नको लिहू," ते म्हणाले. "मले ते जमणार नाही." आणि काकूंकडे न पाहता, "तिले वाटते मी मोठेपणा करून राहिलो. तसं नाही. वकील मले इचारन, तू कुठून कुठं चालला होता, अन् मी फसन."

काकू आत निघून गेल्या. भांडी जरा जोरात वाजली.

बाबा उठले नाहीत. ते भाऊला म्हणाले, "ह्या मागावर पाय पायजे फक्त. हात ह्यांचे आहेतच."

भाऊनं खड्ड्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काकांच्या घरी गेला आणि खड्ड्यात उतरला. काका शेजारी गोणपाट टाकून बसले, पाय लांब करून. भिंतीतून आवाज येई, "डावा. आता उजवा. पोट्ट्या, तू धान कांडून राहिला का? हळू दाब." कोशाचा धागा तुटे. काका तो जोडत आणि पुन्हा, डावा, उजवा. पहिलं कापड निघायला तीन महिने लागले, आणि त्याला भाव कमी आला.

भाऊनं एकोडीकडचा बाजार सोडला, सानगडीचा ठेवला. बाकीचे दिवस सकाळी तो काकांच्या मागावर असे. खड्ड्यातून वर आला की बराच वेळ अंगणात उभा राही. मागाबद्दल तो पुन्हा कधी तक्रारीचं बोलला नाही. त्याचं ते काही न बोलणं मला अजून आठवतं, कारण मी तेव्हा भंडाऱ्यात परीक्षेचा अभ्यास करत होतो आणि माझं काहीच सुटलं नव्हतं.

वर्ष संपलं, विम्याची मुदत संपत आली. मी कोणाला न विचारता एजंटाकडे गेलो. विमा सक्तीचाच घेतला, पण मागे बसणाऱ्याचा जादा हप्ता भरला. खोलीच्या खर्चातून तेवढे उरवले होते. एजंटानं विचारलं, "आता कोण बसते मागं?"

"रस्त्यात भेटल तो," मी म्हणालो.

घरी आलो तो कागद घेऊन आधी काकांकडे गेलो. भाऊ मागावर होता, काका धागा जोडत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. मी ओळ न ओळ मराठीत करून वाचली. जिथं कळलं नाही तिथं, हे मला कळलं नाही, असं म्हणालो. भाऊनं पाय थांबवले होते. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यात मागच्या वर्षीचं काही बसते का?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. आजपासून पुढचं."

"बरं," ते म्हणाले. काकूंनी हात पदराला पुसून कागद माझ्याकडून घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. मग काका भाऊला म्हणाले, "कायले थांबला? डावा."