हरणीची सलाईन आणि तायाप्पा मामा

तायाप्पा मामा गेले.

काल, रानात, मेंढरांमागं. हार्ट अटॅक.

मी जनावरांची डॉक्टर. वडूजला पोस्टिंग नवीनच होतं, तेव्हा त्यांचा पहिल्यांदा फोन आला.
"बाई, आमची हरणी पडलीया. बिगीनं या."

हरणी म्हणजे त्यांची घोडी. मेंढरं घेऊन फिरताना अख्खा संसार तिच्या पाठीवर असायचा.

जुलाबांनी पार सुकली होती. डोळे खोल गेलेले, हिरड्या कोरड्याठाक. बाभळीच्या फांदीला सलाईन टांगली. बाटल्यांमागून बाटल्या.

दुपारी तिनं मान उचलली. मामा एवढे हसले!

पण ती लघवीच करेना. किडनी साथ देत नव्हती. मानेची शीर टरारून फुगली. श्वासात घरघर लागली. सोडलेलं पाणी फुफ्फुसात साठायला लागलं होतं.

मी सलाईन बंद केली.

"बाई, बंद का केली? तहानल्यालं जनावर हाय त्ये!"
"मामा, अजून पाणी सोडलं तर ती त्यातच गुदमरेल."



लघवी व्हायचं इंजेक्शन दिलं. मग आम्ही दोघं नुसते तिच्या शेपटीकडं बघत बसलो.
हसू नका. आयुष्यात एवढी वाट मी कशाचीच पाहिलेली नाही.

दिवस मावळताना हरणी गेली.

मला रडू आवरेना. मामांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळले.
"रडू नगंस पोरी. तू लय केलंस."
घोडी त्यांची गेली होती. आणि समजूत माझी काढत होते.

त्यानंतर आसपास कुठंही सिरीयस केस असली की मामा हजर. कुणी बोलवायचं नाही. जनावराचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. सलाईन संपेपर्यंत हलायचे नाहीत.

एकदा म्हटलं, "मामा, पाय आखडतील. उठा जरा."
"आगं, त्येला कळतंय, कुनीतरी जवळ हाय म्हून."

आज सकाळी त्यांच्या तळावर जाऊन आले. मामी वाघुरीच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, खुंटाला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या,
"मेंढरं आपली आपण माघारी आली गं.
ह्ये तेवढं आलं न्हाईत."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

मामा, जड मनानं शेवटचा रामराम.