पहिल्या मुठीची गाठ

आधीच सांगतो, मी भुताखेतांना मानत नाही. देव मानतो, तो वेगळा. आमच्या आशागडच्या बाजूला चिंचेखाली कोणाला काय दिसलं, कोण कुठे झपाटला, हे ऐकत म्हातारा झालो... दर वेळी खोलात गेलं की ताडीच निघते. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण मला फसवणारा अजून भेटायचाय. हे लिहिणं माझं आहे, टाईप सून करते. तिने मधे स्वतःचं काही घुसवलेलं नाही, मी मोठ्याने वाचून घेतलंय.

आता मुद्दा. आमच्या घरात भाताची पेरणी पहिल्या मुठीने होते. कापणीला चांगल्या लोंब्या निवडून घराची बाई थोडं बी वेगळं बांधते. पुढच्या वर्षी तीच ते सोडते, पहिली मूठ तीच टाकते, मग बाकीच्यांनी पेरायचं. माझी बायको जानकी तळासरीकडची, डावखुरी. तिची गाठ अशी की टोक कुठे गेलं ते दिसायचंच नाही. चुकीचं ओढलं की आणखी आवळायची. उलगडायची फक्त तिलाच.

मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर ती गेली. मुलगी नाही, कोणाला शिकवलं नाही. गाठोडं तसंच राहिलं, खाचर पड राहिलं. नंतर सुरेशने, म्हणजे माझ्या मुलाने, कोर्टात लग्न केलं. सून मानसी नाशिकची, शहरातली. जानकीला तिने कधी पाहिलं नाही. मानसी म्हणाली, "बाबा, मी सोडते ना." मी नाही म्हटलं. दोन पावसाळे निघाले की भाताचं बी मरतं हे मलाही कळतं. पण कात्रीने कापून पेरायची ती पहिली मूठ नव्हे.

आणि यंदा मे महिन्यात सुरेश म्हणतो, "बाबा, चला व्हिएतनामला. नदीत होडीने फिरू, खेड्यात राहू, तिथेही भातशेतीच आहे." मला तेव्हाच वास आला. म्हाताऱ्याला विमानात कशाला घालतात? आधी फिरवायचं, मग खाचरात रिसॉर्ट टाकायला हो म्हणवून घ्यायचं! तरी गेलो. बघू तर खरं, काय डाव आहे. गाठोडं कंबरेला बांधलं, कारण बी रिकाम्या घरात ठेवत नाहीत. विमानतळावर पोलिसाने कंबर चाचपली. मी म्हटलं, "देवाचं आहे." त्याने सोडलं.

तिथली नदी उभ्या डोंगरांमधून जाते, दोन्ही बाजूंना पिवळं भात. होडीत दोघं आणि वल्हवणारी बाई. सुरेश फोटो काढायला पुढच्या होडीत बसला. मी होडीच्या नाकाशी, माझ्या मागे मानसी, तिच्या मागे ती बाई. बाई मागे रेलून पायांनी वल्ही मारत होती, हात मोकळे! मला ते पटलं नाही, पण होडी सरळ चालली होती.

मानसीने पुन्हा विषय काढला. "बाबा, परत गेल्यावर पेरणीच आहे. यंदा शेवटचं वर्ष ना त्या बियाचं?"

"तू कोण सोडणार?"

"घरात बाई दुसरी कोण आहे?"

मी तोंड फिरवलं. पूर्ण फेरीत मागे पाहिलं नाही. मागे कुजबुज चालली होती, एकदा हसली पण. म्हटलं, हसा.

दुपारी आम्ही उतरलो होतो त्या शेतातल्या घरी आलो. आंघोळ करून बाहेर येतो तर मानसी ओटीवर बसून ओढणीत पेरू बांधत होती. डाव्या हाताने. एरवी ती सगळं उजव्याने करते. गाठ आवळली, आणि टोक दिसेना.

"हे कोणी शिकवलं?"

"होडीतल्या बाईंनी. मी रडकुंडीला आले होते, त्यांनी ओढणीचं टोक हातात घेऊन दाखवलं."

"खोटं. माझ्या गाठोड्यावरून शिकलीस."

"बाबा, तुमची गाठ वरून बघून कोणाला कळेल का? तुम्हाला कळली?"

मी सुरेशला पकडलं. तो म्हणाला, "मी लहानपणापासून कोसबाडला वसतिगृहात. आईची गाठ मला कुठून येणार?" तेही खरं.

सकाळी मी हट्टाने सगळ्यांना धक्क्यावर नेलं. मानसीच्या फोटोवरून तीच बाई शोधली, मोबाईलवर भाषांतर लावून बोलणं केलं. तिच्या हातात माझा रुमाल दिला, बांध म्हटलं. तिने आपली साधी दुहेरी गाठ मारली आणि हसली. मानसी म्हणाली, "अशी नाही, कालची." तिचं उत्तर मोबाईल मराठीत बोलला, "मी काही शिकवलं नाही. तुमची सून स्वतःशीच बोलत होती, मला वाटलं रडतेय, म्हणून मी तिकडे पाहिलं नाही."

मानसीचा चेहरा उतरला. मी विचारलं, "ती तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलली?"

"मला समजत होतं बाबा... तेव्हा वेगळं वाटलंच नाही. म्हणाल्या, अगं, शेपूट आत घाल, नाहीतर उंदराचं फावेल."

मी तिथेच पायरीवर बसलो. गाठ बांधताना जानकी हेच पुटपुटायची. दरवर्षी. चुलीच्या मागे बसून, मी सोडून ऐकायला कोणी नसायचं.

माझा संशय गेलाय असं समजू नका. मी सुरेशला तीन-तीनदा उलटसुलट विचारलं, जानकीच्या माहेरी जाऊन मानसी कधी आली होती का तेही विचारून आलो. कोणी तिला पाहिलेलं नव्हतं. रिसॉर्टचा विषय अजून कोणी काढलेला नाही, त्यावर माझं लक्ष आहे.

पेरणीच्या दिवशी मी कंबरेचं गाठोडं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने डाव्या हाताने एकदाच ओढलं, सुटलं. पहिली मूठ तिने टाकली. सगळं बी नाही उगवलं, बरंच मेलं होतं. पण खाचराचा एक कोपरा भरला, तेवढं बियाला पुरलं.

कापणीनंतर तिने नवीन मूठ बांधायला घेतली. ज्यांना यातलं कळतं त्यांनी खुलासा जरूर लिहावा, फक्त भास म्हणू नये, कारण गाठ माझ्या घरात टांगलेली आहे. या वेळी मी पाठ फिरवली नाही. चष्मा लावून अगदी समोर बसलो, तिच्या बोटांवरून नजर हलवली नाही.

टोक कुठे गेलं, मला दिसलं नाही.