पारूबाईचा भाग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी हेडमास्तरांच्या शिंकांपर्यंत सगळं सांगत असे. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटतेय. चूक लहान होती, असं इतकी वर्षं मी स्वतःला बजावत आलो. लहान? तुम्हीच बघा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी आगाशीच्या मराठी शाळेत मास्तर. मुंबईच्या काही गृहस्थांनी एक ट्रस्ट काढला आणि आगाशी-विरारच्या मधली पुष्कळ जमीन घेतली — वाड्या, पडीक तुकडे, सगळं. लोकांनी त्यात भाग घ्यायचे. जमीन ट्रस्टच्या नावावर, तुमच्या हातात कागद. वाड्यांचं उत्पन्न येईल त्यात तुमचा हिस्सा, आणि कागद नकोसा झाला तर मुंबईच्या बाजारात विकायचा. पत्रकं इंग्रजीत होती. ती गावाला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

'शेअर'चं मराठी मी केलं — भाग. इथेच फसलं सगळं. पुस्तकात बरोबर आहे हो! पण आमच्याकडे भावाभावांत वाडी वाटली की एकेकाच्या वाट्याला येतो तो भाग. त्याला बांध असतो, विहिरीवर पाळी असते, त्यात उभं राहता येतं. हे मला ठाऊक नव्हतं का? मी इथलाच की.

अर्नाळ्याची पारूबाई आगाशीच्या बाजारात मासळी विकायला बसे. एकटी बाई; नवरा होडीसकट बुडालेला. घर अगदी किनाऱ्याला, उधाणाला पाणी चुलीपर्यंत यायचं. तिला एकच हवं होतं — भरती पोचणार नाही अशी, घरापुरती कोरडी जागा. हातातल्या पाटल्या मोडून तिने ट्रस्टचा एक भाग घेतला. अर्ज मी भरला, अंगठा तिचा.

आणि मग सुरू झालं. दर बाजाराला तोच प्रश्न — "मास्तर, पन माजा भाग कुनचा?"

सांगितलं. किती वेळा सांगितलं! अगं, सगळ्या जमिनीत सगळ्यांचा मिळून, वेगळा तुकडा नाही. ती निमूट ऐकून घ्यायची, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. एकदा म्हणाली, "म्हंजे माजी माती सगल्यांच्या मातीत कालवली? मंग मी घर बांधू कुठं?" झालं, बाईने नेमकं ओळखलं होतं. तिला हवं ते त्या कागदात नव्हतंच. कागद विकून टाक, पाटल्या पुन्हा करून घे — एवढं म्हणायचं होतं मला. पण तसं म्हणायचं म्हणजे मीच तिला नको ते घ्यायला लावलं, हे कबूल करायचं. ते कुठलं तोंडातून निघायला!

एका दुपारी ती विरारच्या रस्त्यावर भेटली. ऊन मी म्हणत होतं, शाळेत तपासनीस येऊन गेले होते, डोकं उठलं होतं. तिने तोंड उघडलं आणि मी भडकलो. सायकलवरूनच हात लांब केला, बोट रोखलं — "तो बघ! त्या चिंचेपासून बांधापर्यंत. तो तुझा. झालं समाधान?"

झालं. तिचं झालं. ती तिथे गेली, वाकली, मातीला हात लावून तो कपाळाला लावला. मी पेडल मारत घरी आलो. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

तिने कुंपण घातलं. सात माड लावले. बाजारातून परतताना टोपली उतरवून त्यांना पाणी घालायची. घराचं दार कुठल्या अंगाला ठेवायचं ते मला विचारायची, आणि मी — मी सांगायचो! पूर्वेला ठेव म्हणायचो. मला सुके बोंबील आणून द्यायची, पैसे घ्यायची नाही. आम्ही ते दोन वर्षं खाल्ले. ट्रस्टची माणसं मुंबईत, इकडे फिरकतंय कोण? दोन वर्षांत एकदाही खरं सांगता आलं नसतं का? रोज आलं असतं.

मग ट्रस्टने ती बाजू विकली. मोजणीवाले आले, ट्रस्टचे साहेब आले, कुंपण बघून संतापले. पारूबाई कागद घेऊन उभी — "मास्तरांनी दावली." मला शाळेतून बोलावणं आलं. पंधरावीस माणसं जमलेली. साहेबांनी विचारलं, तुम्ही दाखवलीत? माझी नोकरी जाणार नव्हती. कुणी मारणार नव्हतं. फार तर लोक हसले असते. आणि मी म्हणालो, "छे हो, या बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय." एरवी अगं-तुगं करणारा मी, त्या दिवशी मात्र 'या बाई'.

तिने माझ्याकडे पाहिलं. आता शिव्या घालणार, मला वाटलं. घालायला हव्या होत्या! पण ती साहेबांना म्हणाली, "मास्तर खोटं नाय बोलनार. मीच चुकले आसन." आणि ते तिला खरंच वाटलं हो. माड तिने स्वतःच्या हाताने उपटले.

कागदाचे पैसे मिळाले तिला, पण त्यात जागा येत नव्हती. ती शेवटपर्यंत त्याच किनाऱ्यावरच्या घरात राहिली.

इथवर सांगितलं, पण सांगायचं होतं ते अजून राहिलंय. पुढे ती बाजारात बायकांना आपलीच गोष्ट सांगून हसवायची. "भाग म्हंजे तुकडा नसतो गो! मास्तर सांगून सांगून थकला, आनि मी येडी माड लावत बसले!" बायका पोट धरून हसायच्या. एकदा मी तिथेच होतो, केळी घेत. तिने मला पाहिलं. "खोटं वाटतं तर इचारा मास्तरला," म्हणाली. साऱ्याजणी माझ्याकडे वळल्या.

मीही हसलो.